दारामागे कोण होतं?

नाही, उघडलं नाही हो! उडवलं! तुम्हाला सांगतो, अख्खं दार बॉम्ब लावून उडवलं त्यांनी, आत डोकावून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही, आणि वर एकमेकांना टाळ्या काय देतायत, मिठ्या काय मारतायत, मागे सूर्य उगवतोय, बँड वाजतोय... अरे, पण दारामागे कोण होतं?

तुम्ही म्हणाल, सुहासराव, कसलं दार, कुणी उडवलं? हां. बरोबर आहे. मी रागात असलो की मधूनच सुरू होतो. तर 'तारायान' म्हणून एक इंग्रजी पिक्चर, अंतराळातला, हिंदीत डब केलेला. एक नाही, सात! पहिला आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सातवा, म्हणजे शेवटचा, आला तेव्हा माझी मनवा कॉलेजात. पहिल्याच भागात तो कॅप्टन यान घेऊन जातो पार त्या टोकाला, जिथे काही म्हणजे काही नाही, आणि त्या काळोखात एक दार. नुसतं दार! ना घर, ना भिंत, ना उंबरा. आणि आतून कोणीतरी ठोठावतंय. टक... टक... टक. झालं! तिथून जे लोंबकळत ठेवलं ना आम्हाला, दुसऱ्यात तेच दार, तिसऱ्यात तेच दार, कॅप्टनचे केस पांढरे झाले, माझे तर गेलेच, पण दारामागे कोण होतं ते काही सांगेनात.

आता मला एकट्याला असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण बाबा! आमचे बाबा, रविकांत सर, कोल्हारात शाळेत विज्ञान शिकवलं त्यांनी जन्मभर. पिक्चर म्हटलं की नाक मुरडायचे, फक्त 'तारायान'ला अपवाद. नगरला तीनचा खेळ, आम्ही दोघं, घरच्या भाजलेल्या शेंगा, आणि परतीला सहाची एसटी. ही एसटी नीट लक्षात ठेवा, सगळं तिच्यावर आहे. बाबांचा गुडघा अधू, उभं राहवायचं नाही. सहाची गाडी नगरहूनच सुटायची, तिच्यात बसायला मिळायचं. ती गेली की मग मागच्या सगळ्या गाड्या शिर्डीच्या गर्दीने भरलेल्या. त्यामुळे व्हायचं काय, की पिक्चर अगदी शेवटाला आलाय, कॅप्टन दारासमोर उभा, हात पुढे केलाय, थिएटरात कोणी श्वाससुद्धा घेत नाही... आणि माझ्या दंडाला चिमटा. "ऊठ. गाडी."

"बाबा, दहा मिनिटं फक्त!"

"त्याला यान आहे, आपल्याला एसटी. ऊठ."

सहा भाग, साहेब! सहाच्या सहा भागांचा शेवट आम्ही पाहिलेला नाही! धावत स्टँड गाठायचं, बाबांनी खिडकीतून आत रुमाल टाकायचा, जागा धरायची, मग मी त्यांना हाताला धरून वर चढवायचं. आणि एकदा गाडी हलली, शेंगांची पुडी उघडली, की बाबा म्हणायचे, "हं. आता ऐक. दारामागे कोण होतं."

आणि सांगायचे हो! स्वतः रचून! एका भागाला दारामागे तोच कॅप्टन निघाला, म्हातारा झालेला, तरुण कॅप्टनला म्हणतो, बाळा, परत फीर. एका भागाला त्याची वारलेली आई निघाली. एवढी प्रकाशवर्षं तुडवून पोरगा आला, तर तिने विचारलं काय? "जेवलास का?" बाबांनी हे सांगितलं ना, तेव्हा आमच्या पुढच्या सीटवरची बाई पदराने डोळे पुसत होती, आणि तिने तर पिक्चर पाहिलेलाच नव्हता. कंडक्टरसुद्धा कानोसा घेत यायचा, "सर, जरा दम धरा, येवढी मागची तिकिटं फाडून येतो, मंग उघडा दार." राहुरी येईपर्यंत दार उघडायचं नाही, असा बाबांचा हिशेब. पुढे टीव्हीवर लागायचे ते पिक्चर, तर बाबा उठून बंद करायचे. "आपला शेवट झालाय." संपला विषय.

मग मी गाडी घेतली. लहानशीच, पण आपली. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सुहास, सातव्याला हिच्यातनं जाऊ. या वेळी शेवटपर्यंत बसायचं. दारामागे कोण आहे ते मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय. माझ्याजवळचं सगळं सांगून झालं रे."

आणि पिक्चर लागायच्या आधीच्या पंधरवड्यात गेले. सकाळी चहा घेत बसले होते, अर्धा कप राहिला.

...असो. पुढे ऐका. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड मांडले. आता बाबा म्हणजे विज्ञानाचे मास्तर, दर वर्षी वर्गात सांगायचे, "कावळा हुशार पक्षी आहे. माणसं लांब गेली की तो येतो. इच्छेबिच्छेचा काही संबंध नाही." आणि त्यांच्याच पिंडाला कावळा शिवेना! शेजारच्या तिन्ही पिंडांना शिवला, आमच्याकडे बघूनसुद्धा न बघितल्यासारखं करतोय. भिमाजी आला होता, बाबांचा जुना विद्यार्थी, ऊस करतो. तो सगळ्यांना हटवायला लागला, "मागं सरा, मागं सरा! सरांनीच शिकवलंय. गर्दी आसली का त्यो येत न्हाई!" सरलो मागे. पार रस्त्यापर्यंत सरलो. कावळा झाडावर, आणि आम्ही उन्हात.

मग सुरू झाली कबुली. मी हात जोडून म्हणालो, बाबा, आईला अंतर देणार नाही. नाही आला. मनवाचं लग्न चांगल्या घरात करीन. नाही. यामिनी, म्हणजे आमची ही, पुढे झाली, "बाबा, तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही." कावळ्याने मान वळवली फक्त. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "यजमान, अजून एक ठिकाण करायचंय मला. दर्भाचा कावळा करू आणि शिववू, शास्त्रात सोय आहे." तेव्हा आई हळूच म्हणाली, "अरे, त्या दाराचं सांग ना त्यांना."

मी पुढे झालो आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणालो, "बाबा, सातवा भाग मी शेवटपर्यंत बघीन आणि दारामागे कोण होतं ते तुम्हाला येऊन सांगीन!" आणि तुम्हाला सांगतो, खोटं वाटेल, शब्द संपतोय न संपतोय तोच कावळा खाली! भिमाजीने डोळे पुसले. "सर गेलं, पन इषय न्हाई सोडला."

म्हणजे बघा, मी शब्द दिलेला. कुणाला? गेलेल्या माणसाला. साक्षीला कोण? कावळा. आणि हा शब्द पाळणं कुणाच्या हातात? त्या तिकडच्या पिक्चरवाल्यांच्या! ज्यांना कोल्हार कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही!

गेलो. एकटा गेलो, तिकिटं दोन काढली. दारावरच्या रखवालदाराने शेंगांची पुडी काढून घेतली, बाहेरचं खायचं आत चालत नाही म्हणे. म्हटलं घे बाबा, खा. आत जाऊन शेजारच्या खुर्चीवर बाबांचा रुमाल टाकला. एक जण बसायला आला, "कोण येणारे का इथं?" मी म्हणालो, "हो." काय सांगणार दुसरं?

आणि पिक्चर! कॅप्टन पहिल्या पंधरा मिनिटांत मेला. ज्या कॅप्टनला आम्ही इतकी वर्षं... मेला! जिना उतरताना पडून! मग चार नवी पोरं आली, कातडी जाकिटं घातलेली, ती आपसात भांडतायत, प्रेम करतायत, मोटारसायकलीवरून अंतराळात... अंतराळात मोटारसायकल! बाबा असते तर तिथेच उभे राहून म्हणाले असते, "हवा नाही, रस्ता नाही, घर्षण कशाचं?" मी दम धरून बसलो. म्हटलं, दार येऊ दे. दार आलं. टक... टक... टक. मला विचाराल तर काटा आला अंगावर. त्यातली एक मुलगी दारासमोर गेली, हात पुढे केला...

आणि मी उठलो! कुणी सांगितलं नाही, चिमटा नाही, काही नाही, पाय आपोआप उठले! गाडी! मागून ओरडा, "ओ काका, खाली बसा ना!" बसलो. रुमालाकडे बघितलं. म्हटलं, बाबा, या वेळी बसायचंय. आणि बसलो तेवढ्यात ती मुलगी वळून म्हणते, "वक्त नहीं है, उड़ा दो!"

धडाम.

वेळ नाही! अगं भवाने, सात भाग घेतलेस आणि वेळ नाही? एसटी आमची सुटत होती का तुझी?

मी नावं संपेपर्यंत बसून राहिलो. हजारो नावं. प्रत्येकाचा चहा आणणाऱ्याचंही नाव, पण दारामागे कोण होतं त्याचं नाव नाही. शेवटी झाडणाऱ्या मावशी आल्या, "उठा भाऊ, संपला पिच्चर." मी त्यांनाच विचारलं, "मावशी, दारामागे कोण होतं?" त्या म्हणाल्या, "कोन न्हाई हो, सगळे गेले घरी."

मनवाला पुण्याला फोन केला, तर ती म्हणते, "बाबा, ते सिम्बॉलिक आहे. दार म्हणजे आपली उत्सुकता." अगं, मी कावळ्याला काय सांगू, सिम्बॉलिक आहे? तो पिंडाला चोच मारतो, उत्सुकतेला नाही!

तेव्हापासून वर्षभर, खरं सांगतो, मी कावळ्यांना तोंड चुकवून जगलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक रोज यायचा, बरोब्बर बाबांच्या चहाच्या वेळेला. मी लगेच पेपर वर धरायचो. यामिनी म्हणायची, "अहो, सांगून टाका ना काहीतरी. रचा!" रचा म्हणे! रचायला बाबा होते. मी कारखान्याच्या ऑफिसात उसाच्या गाड्यांचे नंबर लिहिणारा माणूस, मला दारामागे फार तर दुसरं ऑफिस दिसतं. आणि भिमाजीने तर आधीच बजावलेलं, "सरांना खोटं सांगशील व्हय? कॉपी करनाऱ्याचं नुसतं कान बघून वळखायचं ते!"

परवा वर्षश्राद्ध झालं. पान वाढलं, वडे, खीर, सगळं, आणि घेऊन गेलो गच्चीवर. तो टाकीवर बसलेलाच होता. मान तिरकी करून, असा चष्म्यावरून बघितल्यासारखा. मी पान ठेवलं. म्हणालो, "बाबा, पिक्चर चांगला होता." हलला नाही. "म्हणजे... फोटोग्राफी चांगली होती." दोन पावलं मागे सरकला! खालून आईचा आवाज, "घेतला का रे घास?" इकडे खीर गार होतेय, वरून ऊन, आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखं तेच यायला लागलं, त्यांनी दोन घास जेवायला म्हणून एवढ्या लांबून यायचं आणि मी काय वाढायचं? की तुम्ही जन्मभर ज्याची वाट बघितली त्याला त्यांनी सुरुंग लावला?

नाही सांगवलं हो. रडूच आलं मला. आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं, "बाबा, पिक्चर पाहिला, पण शेवट राहिला. सहाची गाडी होती ना. उठावं लागलं."

तो खाली आला. वडा उचलला, आणि शांतपणे जेवला सगळं. मी बाजूला बसून होतो. म्हटलं, दारामागे कोण होतं ते आता तुम्हीच सांगा मला, नेहमीसारखं. तुम्ही तर आता आतच आहात, तुम्हाला दिसतच असेल. मी आलो की सांगा. खिडकीतून रुमाल तेवढा टाकून ठेवा, जागा धरा...

पण बाबा, या वेळी माझी गाडी जरा उशिराची असू द्या हं. मनवाचं लग्न व्हायचंय अजून, तेही तुम्हालाच कबूल केलंय.