सामानाची पडवी

(परळ. चाळीतली खोली, दुपार. जमिनीवर पसरलेला एका जुन्या धर्मशाळेचा नकाशा.)

कुशाबा : चार. सांगितलं ना, चार खांब.

सुचित्रा : आजोबा, आत सहा आहेत. सागवानी. मी स्वतः मोजलेत.

कुशाबा : मग मागाहून दोन घातले असतील.

सुचित्रा : नाही हो, छपराचा भारच सहांवर आहे.

रुपाली : मॅडम, सोडा ना. आठ वर्षांचे होते आबा. एवढं कुणाला आठवतं? तुम्ही ते मेन वाक्य लिहून घ्या. आबा, बोला ना, मला लहानपणी सांगायचात तसं. बोट चुकली, मग तुम्ही आणि पणजी दोन रात्री बंदरावरच्या त्या धर्मशाळेत...

सुचित्रा : पुढच्या महिन्यात शंभर वर्षं होतायत तिला. आमच्या पणजोबांनी बांधली. त्यानिमित्त पुस्तक काढतोय, त्यात पहिल्याच पानावर तुमचं वाक्य घालायचंय, 'जात न विचारता आम्हाला आत घेतलं.' रुपालीनं ऑफिसात सांगितलं, मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कुशाबा : पाणी आलं?

सुचित्रा : हो. म्हणाले, बघ, गावात लोक उगाच काहीबाही बोलतात आपल्या घराबद्दल.

कुशाबा : रुपाली, पाणी आण गं.

रुपाली : हे काय, तांब्या समोरच आहे.

कुशाबा : हां. बाई, हा नकाशा कुणी काढला?

सुचित्रा : मापं मी घेतली. कॉम्प्युटरवर रुपालीनं काढला.

कुशाबा : ही मागची बाजू. काय लिहिलंय इथं? चष्मा नाय माझा.

रुपाली : 'सामानाची पडवी.' बाहेरनं टेकवलेलं छप्पर आहे. एकदम बुटकं, पाच फूट पण नाही.

कुशाबा : तू लिहिलंस?

रुपाली : मॅडमनी सांगितलं, मी टाइप केलं. का, शुद्धलेखन चुकलं?

कुशाबा : बाई, त्या पडवीत भिंतीला एक कोनाडा आहे. उजव्या हाताला.

सुचित्रा : हो.

कुशाबा : काजळी असेल त्याला. अजून.

सुचित्रा : आहे.

कुशाबा : सामानाला दिवा कशाला लागतो?

रुपाली : म्हणजे?

कुशाबा : कोनाड्याच्या वर गजाची खिडकी. तिच्यातनं आतलं दिसायचं. चार खांब. पलीकडचे दोन दिसत नसतील तिथनं, मला काय ठाऊक? आम्ही तेव्हा महार. धर्मशाळेच्या शेठचा माणूस बोलायचा पण नाय, नुसतं मागच्या बाजूला बोट दाखवायचा. मी आत गेलोच नाय कधी.

रुपाली : आबा, तुम्ही तर समई, फरशी, सगळं सांगायचात! शाळेत मी निबंध लिहिलेला त्याच्यावर. बक्षीस मिळालेलं.

कुशाबा : आलो होतो ना मी. टाळ्या वाजवल्या. मान वर करवत नव्हती.

रुपाली : पण तुम्हाला कसली शरम? बाहेर ठेवलं त्यांनी. शरम त्यांना वाटायला पायजे.

कुशाबा : तुझं बरोबर आहे. मोर्चे काढले मी, सभेत बोललो, मिलच्या गेटवर साहेबाला अडवला. ह्या एका गोष्टीला तोंड उघडत नव्हतं. वाटायचं, पोरं म्हणतील, आपला आजा गुरासारखा निजलेला. आणि आता माझंच खोटं ह्यांच्या पुस्तकात मिरवणार. नको. तेवढं नको.

सुचित्रा : मला कळलं होतं.

रुपाली : काय?

सुचित्रा : मी कोनाडा पाहिला होता. चुलीचे दगड पाहिले होते. बाबांना विचारलं. ते म्हणाले, सामान ठेवायचे तिथे. मी पुढे विचारलंच नाही. विचारायची लाज वाटली. आणि ते लिहायला नेमकं तुला सांगितलं.

रुपाली : माझ्या हातानं लिहिलं मी, मॅडम. माझी पणजी म्हणजे सामान.

सुचित्रा : रुपाली, माफ कर मला.

रुपाली : मला नका म्हणू.

सुचित्रा : आजोबा... मी ते वाक्य काढून टाकते. आजच.

कुशाबा : काढू नका. बदला. पडवीवर खरं काय ते लिहा, कोण निजायचं ते. खाली माझं नाव घाला. आईचंपण. राधाबाई.

सुचित्रा : बाबा छापू देणार नाहीत.

कुशाबा : ते तुमच्या घरातलं. माझ्या घरात सांगायचं होतं ते मी सांगितलं. सत्तर वर्षं लागली.

सुचित्रा : लिहीन मी. त्यांच्याशी भांडून लिहीन.

रुपाली : आबा, पण ती समई? आत गेलाच नाहीत, तर हे सगळं सुचलं कुठनं?

कुशाबा : आईनं पढवलं. बा इथं मिलमध्ये होता. भाऊच्या धक्क्यावर उतरताना आई म्हणाली, बापाला सांगू नको, त्याच्या जिवाला लागेल. आत निजलो म्हण, समईपाशी. मी तसंच सांगितलं.

रुपाली : मग? ते काय म्हणाले?

कुशाबा : डोक्यावरनं हात फिरवला, बरं झालं म्हणाला. तोपण त्याच बंदरावरनं मुंबईला आलेला, बाय.