सातव्या प्रश्नाचं उत्तर

आदरणीय अध्यक्ष वकील गोपाळकृष्णजी, मंचावरील पाहुणे तहसीलदारसाहेब, कामगार कार्यालयातील माझे सहकारी आणि ऐन धानकापणीत वेळ काढून कटंगी-राजेगावहून आलेल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षमहाराज आत्ता म्हणाले, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला यंदा पन्नास वर्षं झाली. पण बालाघाटच्या माणसानं किती तास राबावं हे त्या संघटनेनं तिकडे जिनिव्हात बसून का ठरवावं, असं त्यांनी विचारलं. टाळ्याही पडल्या. ज्याला निरोप द्यायला आपण जमलात तो मी, त्र्यंबक पुराणिक, पंचवीस वर्षं कामगार निरीक्षक होतो. उत्तर मलाच द्यायला हवं. युक्तिवाद वकिलांचा प्रांत आहे. मी घडलेलं सांगतो.

सत्तावन्न साली कटंगीजवळ बाबूलालसेठचा विडीचा कारखाना होता. चाळीस बाया उजाडताच बसायच्या, त्या अंधारून येईपर्यंत. मी खटला भरला आणि नऊ तासांची मर्यादा लागू करून घेतली. पहिल्या दिवशी सुटी झाल्यावर दुर्गाबाई नावाच्या एक कामगार दारात थबकल्या. म्हणाल्या, "साहेब, ऊन असतानी घरी चालली मी. बारा सालात पह्यल्या खेपेले."

कचेरीत माझं कौतुक झालं.

वर्षाच्या आत सेठनं कारखाना बंद केला आणि पानं, तंबाखू घरोघर वाटायला सुरुवात केली. घराला कारखान्याचा कायदा लागत नव्हता. मी गेलो तेव्हा दुर्गाबाई ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या.

"किती वेळ बसता?"

"उठल्यापासून. सासू बी बसते, पोरगी बी. काहून विचारता?"

दिलेला चहा प्यालो आणि निघालो.

पुढे एकसष्ट साली वरून एक प्रश्नावली आली. माहिती जिनिव्हाला जाणार होती. सातवा प्रश्न होता : घरी बसून काम करणाऱ्यांचे रोजचे तास किती? मी दिवसभर दुर्गाबाईंच्या ओसरीवर घड्याळ घेऊन बसलो. तेरा तास भरले. वरिष्ठांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "त्र्यंबकराव, जे कायद्यात नाही त्याचे तास कसे लिहिणार? उद्या आपल्यालाच विचारतील, तुम्ही काय केलं म्हणून." बढतीची यादी त्यांच्याच टेबलावर होती. मी आकडा खोडला आणि लिहिलं, 'निरंक'.

बढती मिळाली.

वाईट वाटलं का, असं आपल्या मनात येईल. नाही वाटलं. तेव्हाही नाही आणि आज चारचौघांत सांगतानाही नाही. बधिर पायाला चिमटा काढून पाहावा तसं अधूनमधून स्वतःला विचारून पाहतो, एवढंच.

तर अध्यक्षमहाराज, लांबच्यांनी तास ठरवावेत का? ठरवावेत. सेठ ठरवणार नाही. दुर्गाबाईंच्या हातात ते नाही. जवळचा माणूस मी होतो, आणि मी काय केलं ते आपण ऐकलंत. लांबच्यांनी निदान विचारलं तरी होतं.

गेल्या सोमवारी या समारंभाचं आमंत्रण घेऊन दुर्गाबाईंकडे गेलो. त्या प्रश्नावलीचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. हात चालूच होते. मग म्हणाल्या, "तवा ते तिकडं गेलं असतं, तं काही झालं असतं का, साहेब?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"हौ."

समारंभाला या म्हटलं.

"कितीक वेळ चालते?"

"दोन तास. जाण्यायेण्याचे वेगळे."

त्यांनी सुपातल्या पानांकडे पाहिलं. त्या आलेल्या नाहीत.

आपण सर्वांनी मात्र वेळ काढलात, शाल-श्रीफळ दिलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं उदार मनानं सोडून द्यावं. लिहिताना जे झालं, त्याची माफी आपल्याकडे मागत नाही. ती आपल्याला देता यायची नाही.

नमस्कार.