लाल शाईतले एकसष्ट शेरे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर मायकल, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती सिस्टर जेसिंता, आणि सिंदी मेघेच्या या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वासुदेवराव, देवळीच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मी चर्चचा सभासद नाही. घरी माझी देवपूजा नेमाने चालू आहे. मग मला इथे बोलायला काऊन उभं केलं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटतंय.

झालं असं. माझी मुलगी शाल्मली दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी तिने घरी सांगितलं की ती कॅथलिक धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते, आणि तिला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. लग्नाबिग्नाचं काही कारण नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरातलं टपाल माझी पत्नी विमलाबाई वाहू लागली. "तिले सांग," "त्याहीले सांगा," असं.

एक दिवस शाल्मलीचं धर्मशिक्षणाचं पुस्तक टेबलावर दिसलं. पस्तीस वर्षं वह्या तपासलेला हात, तो काय स्वस्थ बसतो? लाल पेन काढला आणि पुस्तक तपासलं. 'पुरावा द्या.' 'उत्तर अपुरे.' एकसष्ट शेरे झाले. आईवडिलांचा मान राखावा, असं सांगणारा एक धडा होता. त्याच्या समासात लिहिलं, 'मग आमच्या घरी हे काय चालले आहे?' आणि तडक तो वर्ग घेणाऱ्या आपल्या सिस्टर जेसिंतांकडे जाऊन ते पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. भांडायचीच तयारी होती, खोटं कशाला सांगू.

सिस्टर केरळच्या, पण अकरा वर्षांत आपली बोली उचललेली. त्यांनी चहा मागवला आणि माझ्यासमोर एकूण एक शेरा वाचला. मग म्हणाल्या, "सर, इतकं मन लावून हे पुस्तक कोणीच वाचलं नाई. नवीन माणसानं सुरुवात अशीच करावी. यातले वीसेक प्रश्न त मले पण पडते. रविवारी वर्गात येजा."

गेलो. चूक काढायला गेलो होतो, हे पुन्हा सांगतो. वर्गात सातजण होते, सगळे नवखे. कुणाला प्रार्थनेत केव्हा उभं राहायचं ते कळत नव्हतं, कुणाला क्रुसाची खूण करताना हात आधी कुठे न्यायचा ते. सिस्टर कुणाला हसल्या नाहीत. पाठ करा, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. दर रविवारी माझा एक शेरा फळ्यावर लिहायच्या आणि त्यावर बोलायच्या. कधी सरळ सांगायच्या, याचं पुरतं उत्तर माझ्याजवळ नाही. मास्तरकीत मला हे कधी जमलं नाही.

पाचव्या रविवारी तो आईवडिलांचा शेरा फळ्यावर आला. सिस्टर म्हणाल्या, याचं उत्तर शाल्मली देईल.

ती उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा बोलत नाई, तरी मी रोज घरीच येते. होस्टेलात खोली मिळून राह्यली होती, घेतली नाई. काऊन, त हा धडा वाचला म्हणून."

वर्ग सुटल्यावर मीच तिला म्हटलं, "चाल, घरी जाऊ." ईस्टरला तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा विमलाबाई आणि मी, दोघंही हजर होतो.

आता सिस्टरांची बदली झाली. नवा गाव, नवे नवखे. सिस्टर, तुम्ही माझा धर्म बदलला नाही, तसा प्रयत्नही केला नाही. पण माझी मुलगी मला परत दिली. हे उपकार मी विसरणार नाही.

बोलण्याची संधी दिली, याबद्दल आयोजकांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हातारा मास्तर समजून सांभाळून घ्या. ही माफी सभेची. एक माफी मात्र अजून मागायची राहिली आहे. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली आहे. एका घरात राहून सहा महिने मी तिच्याशी बोललो नाही.

शाल्मली, बेटा, मले माफ करजो.