दुसऱ्या दगडातला सोमल

—दाखवतो की सर, वरची खोली कुठं पळून चालली, आधी टेका जरा. आवाज मोठा वाटून राहिला का? त्याला इलाज न्हाई. रिटायर होऊन औशाला आलो, त्याआधी सारी नोकरी परराज्यात तांब्याच्या खाणीवर—दगड दळायच्या गिरणीत. तिथं कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत न्हाई, सगळं हातानंच बोलायचं. हात वर करून दोनदा खाली दाबला की चहा. हाव, असा. आमची घरवाली, पंचशीला, ती बी शिकली होती—मी हितनं हात करायचो, ती चुलीपुढनं बघायची. अजून बी हात जातो वर, सवयीनं. बघणारं कोण हाय?

ते खिडकीतले दगड? उचला की. दोन्हीत तांबं, दोन्हीत सोमल—विषच ते. पहिल्यात सोमलाचा कण तांब्याच्या शेजारी बसलेला. पिठागत दळलं की सुटा होतो, मग हौदात फेस केला की तांबं फेसासंगं वर, सोमल तळाला. अन् दुसऱ्यात? दुसऱ्यात तांब्याच्या कणातच मुरलेला—दळा किती बी, तांबं वर आलं की हा बी आलाच. भट्टीवाले माल परत पाठवायचे, साहेब म्हणायचे अजून बारीक दळा. दळलं. काय होणार? दगडच तसला. पंचशीला गेली तवा सगळे म्हणले, दिवस जातील तसं दुःख सुटंल. पहिल्या दगडातलं सुटत असंल. माझं न्हाई सुटत, सर.

लुंबिनी—लेक माझी, नागपूरला असती—म्हणती, बाबा, भाडेकरूपुढं एवढं बोलू नका, मागचे दोघं त्यानंच गेले. न्हाई बोलणार आता. बिलकुल न्हाई. भाडं बी वाटल्यास नका देऊ—सांजच्याला वर दिवा लागलेला दिसला पाहिजे, बस.

निघालात? खोली न बघताच? हाव, हाव—शाळेची वेळ झाली असंल. फाटकाची कडी—हां, तीच, जरा वर उचला—

सर, थांबा. हात केला न्हवं तुम्ही आता—दोनदा खाली—चहाच ना? ठेवतो, लगेच ठेवतो, या, बसा आत, आधणाला काय वेळ—

अच्छा.

रिक्षा थांबवली होय.

बरं. फाटक तेवढं ओढून घ्या.