पायांचा प्रश्न विचारायचा राहिला

नाव : आनंदराज रामकिशन सोनकांबळे, वय २२ वर्षे, शिक्षण दहावी पास, बारावी नापास, धंदा हंगामी मजुरी, रा. लोहा, जि. नांदेड.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आई-वडिलांसोबत राहतो. जळकोट तालुक्यातील डोंगरवस्तीच्या शिवारात कोणते तरी अनोळखी जनावर शेळ्या मारत होते. त्याच्या शोधासाठी वन खात्याने नेमलेल्या पथकात आम्ही दोघेच होतो. प्रमुख सुदर्शन साहेब आणि मदतनीस मी. आधीचा मदतनीस काम सोडून गेला म्हणून मला घेतले होते. मला हे काम नवीन होते. जनावराच्या पायांचे ठसे उचलायचे प्लास्टर आणि जेवणाचा डबा माझ्याकडे असे. वस्तीवरचे लोक म्हणत, "एकाजवळ दुर्बीण, एकाजवळ डबा. जनावर डब्यालाच येतंय बघा."

त्या जनावराला कोणी तरस म्हणे, कोणी वाघ. त्या दिवसांत नुसते 'जनावर' म्हटले तरी सगळ्यांना तेच एक समजत असे.

पाहणाऱ्या माणसाला काय विचारायचे, ते साहेबांनी माझ्याकडून पाठ करून घेतले होते. लांबी, रंग, पट्टे की ठिपके, कोणीकडे गेले, आणि शेवटी पाय. क्रम मोडायचा नाही, असे त्यांनी बजावले होते.

घटनेच्या दिवशी सकाळी आमची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी होती. बौद्ध वस्तीत शेवटच्या घरात राहणाऱ्या धुरपताबाई पळत आल्या. म्हणाल्या, "लेकीच्या हातरुणात जनावर आलतं. पोरगी गळाटून गेली. गाडीत घाला, दवाखान्यात न्या."

साहेबांनी मला आधी प्रश्न विचारून घ्यायला सांगितले. मी लांबी विचारली. धुरपताबाईंनी "दोन हात असंल" असे सांगितले. रंग काळा सांगितला. अंगावर पट्टे आहेत का, असे विचारले. "हायत की, पांढरे," म्हणाल्या. कोणीकडे गेले, तर कडब्याच्या गंजीत. साहेब म्हणाले, "पिल्लू आहे. मादी जवळच असणार." त्यांनी लगेच जाळी काढायला लावली. त्या गडबडीत पायांचा प्रश्न विचारायचा राहिला.

आम्ही धुरपताबाईंच्या घरी गेलो. साहेब अंगणात थांबले. पोरीला जखम आहे का ते बघून ये, असे त्यांनी मला सांगितले. मी आत गेलो. मुलगी रेणुका, वय १९, भुईवर वाकळेवर पडून होती. रक्त नव्हते. ओरखडाही नव्हता. तिच्या पापण्या आपोआप मिटत होत्या. ती म्हणाली, "पोटात दुखायलंय. लई झोप यायली, दादा."

मी बाहेर येऊन जखम नसल्याचे सांगितले. साहेब म्हणाले, "जनावरानं धरलं असतं तर अशी राहिली असती का? भ्याली असंल. भरपाईचं बघायलेत हे लोक." 'हे लोक' म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी पुन्हा आत गेलो आणि रेणुकाला म्हणालो, "झोप येत असेल तर झोपा थोडं, ताई."

धुरपताबाईंनी परत गाडी मागितली. मादी बिथरेल, गाडी चालू करायची नाही, असे साहेबांनी सांगितले. रुग्णवाहिकेला मी फोन लावला. ती दुसऱ्या गावी गेली होती. शेवटी शेजारी पंढरी यांच्या मोटारसायकलवर रेणुकाला मध्ये बसवले. मान सरळ राहत नव्हती म्हणून धुरपताबाईंनी पदराने तिला पंढरीच्या पाठीशी बांधले आणि त्या मागे बसल्या. मी गंजीजवळ जाळी धरून उभा होतो. जळकोटच्या दवाखान्यात पोहोचण्याआधीच ती मयत झाल्याचे मला नंतर कळले.

दुपारी गंज उपसली. मादी आली नाही. अगदी तळच्या पेंढीखाली काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. लोकांनी मण्यार म्हणून सांगितले; ती चावल्याची खूणही दिसत नाही, माणूस झोपेतच जातो, असे म्हणाले. दोन हात लांब होता. गर्दीतील एकजण म्हणाला, "एवढंच व्हय."

विचारल्यावरून सांगतो की, माझी आजीदेखील घरात सापाचे नाव घेत नसे. नाव घेतले की तो परत येतो, म्हणून ती जनावरच म्हणायची. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या सकाळी ते माझ्या ध्यानात आले नाही.

ठाण्यात येण्याआधी साहेबांनी मला, बाईने स्पष्ट 'तरस' म्हटले असे सांग, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नको, असे सांगितले. बाईंनी तरस म्हटले नव्हते. माती झाल्यावर मी धुरपताबाईंकडे गेलो आणि विचारले, "मावशी, तुम्ही तेव्हाच साप का नाही म्हणालात?" त्या म्हणाल्या, "घरात लेकरू निजलं होतं, बाबा. त्याचं नाव कसं घ्यावं?"

हा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात गाडीजवळच्या बोलण्यात धुरपताबाईंच्या तोंडी 'साप' असे लिहिले गेले होते. तो शब्द त्यांनी उच्चारलेला नसल्याने माझ्या सांगण्यावरून तो खोडून 'जनावर' असे केले आहे व दुरुस्तीजवळ मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.