बोर्डो की बर्गंडी

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते. तो हॉटेलात पाहुण्यांना वाईन निवडून देत असे. आजारपणात त्याला वास येणं बंद झालं होतं.

“उद्या मालक तुझी परीक्षा घ्यायला फ्रान्सच्या दोन लाल वाईन समोर ठेवणार. एक बोर्डोची, एक बर्गंडीची. ओळखशील?”

“डोळे मिटून.”

“वास येत नसताना? माझ्यापुढे फुशारक्या नकोत.”

“अगं, बोर्डोनं हिरड्या आवळतात, कोऱ्या कडक चहानं आवळतात तशा. बर्गंडी अलगद उतरते. त्याला नाक लागत नाही.”

“आणि रंगावरून?”

“बर्गंडीच्या ग्लासातून पलीकडची बोटं दिसतात. बोर्डोतून नाही दिसत.”

“मग नोकरी राहिली की. सकाळपासून तोंड पाडून का बसलायस?”

“खराब बुचामुळे वाईन नासलेली बाटली मला आता कळत नाही. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तेवढीच खूण.”

“अशा कितीशा निघतात?”

“परवा निघाली, बर्गंडीची. म्हातारं जोडपं होतं, लग्नाचा वाढदिवस. मी हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, फार सुरेख आहे.”

“त्यांनी परत नाही केली?”

“सगळी संपवली. रिकामी बाटली आचाऱ्यानं हुंगली, तेव्हा मला कळलं. जाताना बाई म्हणाल्या, आम्हालाच मेलं यातलं काही कळत नाही.”

“हे उद्या मालकापुढे बोलू नकोस.”

“तो विचारणारच नाही. तो एवढंच विचारेल, बोर्डो की बर्गंडी.”