बसाले मना

इतवारीतल्या हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. कामठीहून आलेल्या एक काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांचे मिस्टर शेजारच्या खुर्चीत. माझ्या बाजूची मुलगी उठली.

"काकू, तुम्ही बसा न इथं."

"राहू दे वं माय. मले बसाले मना हाय."

"काहून? काय झालं?"

"गुडघा आतल्या बाजूनं दुखते. आतली गादी घासली म्हणे, खाली बसू बसू. मागच्या खेपेले डॉक्टरनं बसणं बंद केलं."

"खाली बसणं बंद केलं असन, काकू. खुर्चीवर चालते."

"अगं बाई! रिपोर्ट दाखवाले हे एकटेच आले होते. यायनं तर घरी येऊन नुसतं 'बसू नको' म्हणून सांगतलं. महिना झाला, मी सारं उभ्यानंच करून राहिली."

"घरी खुर्ची नाही का?"

"हाय ना. माझ्या गुडघ्यासाठीच आणली, चांगली हातावाली. हे बसतात तिच्यावर."

"अन् व्यायाम नाही सांगतला?"

"सांगतला ना. पाय लांब कराचा, गुडघ्याखाली टॉवेल ठेवाचा अन् दाबाचा. पण दिवाणवर दुपारभर हे झोपून असतात. पाय लांब करू कुठं?"

"काकाचे पण गुडघे दुखतात का?"

"नाही वं. त्यायले आराम हाय."

आतून आवाज आला, "रंभाबाई कोण?"

काकांनी मोबाईलमधून मान वर केली.

"जाय वं, तुझा नंबर आला. मी खुर्ची धरून ठेवतो."